इसार, बयाणा व संचकार
घरखरेदीच्या पहिल्या रकमेचा इतिहास — आपटा (तालुका पनवेल) या टापूच्या अनुषंगानें

(१) प्रस्ताव

मराठ्यांच्या इतिहासाच्या छापलेल्या साधनांत वतनपत्रें, इनामपत्रें, महजर व निवाडपत्रें यांचा भरणा मोठा आहे. त्याचें कारण उघड आहे. ज्या कागदानें पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क सिद्ध होतो, तो कागद धनी जिवापाड जपतो. उलट, ज्या कागदाचें काम चार-सहा महिन्यांत संपतें तो कोणी जपत नाहीं. घर किंवा जागा विकत घेतांना घेणारानें पुढें केलेल्या पहिल्या रकमेचा कागद, म्हणजे इसारचिठ्ठी, बयाणापत्र अथवा आजच्या भाषेंत इसारपावती, हा या दुसऱ्या वर्गांतला होय. खरेदीखत झालें कीं त्याची किंमत संपली. तो फाडून टाकतात, किंवा मूळ खतास टांचून ठेवतात, आणि पुढच्या पिढींत तो वाळवीच्या मुखीं जातो.

परंतु सामान्य कुटुंबाच्या आयुष्यांत या कागदाएवढा महत्त्वाचा कागद क्वचितच असेल. ज्या घरांत पूर्वीं कोणाचें स्वतःचें घर नव्हतें, त्या घरांतील कर्त्यानें वर्षानुवर्षें सांठविलेली पुंजी पहिल्यानें परक्याच्या हातांत जाते ती या कागदाच्या भरंवशावर. ती रक्कम कशी जमली, कोणत्या शब्दांनीं दिली गेली, व व्यवहार मोडल्यास ती कोणाची झाली, हे तीन प्रश्न आर्थिक इतिहासांत फार मोलाचे आहेत. त्यांचा थोडासा मागोवा या लेखांत घ्यावयाचा आहे.

यासाठीं आपटा हा टापू नजरेपुढें धरण्याचें कारण असें. पनवेलच्या दक्षिणेस, पाताळगंगेच्या कांठीं, कर्नाळा किल्ल्याच्या परिसरांत हें गांव आहे. गांवाचें नांव व दसऱ्यास ज्याचें पान सोनें म्हणून वाटतात त्या वृक्षाचें नांव एकच, हा योगायोगही आपल्या विषयास शोभण्याजोगाच आहे. परंतु खरें कारण निराळें आहे. गेल्या सुमारें पन्नास-साठ वर्षांत मुंबईचा विस्तार खाडी ओलांडून याच तालुक्यांत उतरला. १९६० सालीं हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना होऊन शेजारीं रसायनी येथें कारखाना उभा राहिला. दिवा-पनवेल लोहमार्ग आपट्यापर्यंत आला आणि १९८६ सालीं तो रोह्यास जाऊन मिळाला. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबई वसूं लागली. ज्या मुलखांत घर हें वडिलांकडून मुलाकडे जात असे, त्या मुलखांत तें विकत घेण्याची वस्तु झालें. हा पालट जेथें डोळ्यांदेखत घडला, तेथेंच जुन्या व नव्या इसाराची तुलना करणें सोयीचें आहे.

(२) शब्दांचा विचार

या पहिल्या रकमेस मराठींत चार नांवें आढळतात : इसार, विसार, बयाणा व संचकार. यांपैकीं बयाणा हा शब्द फारशींतून आला असून त्याच्या मुळाशीं विक्री या अर्थाचा अरबी ‘बै’ शब्द आहे. इसार व विसार हे आजही दस्तऐवजांत व बोलण्यांत चालतात. चौथा शब्द मात्र सर्वांत जुना व सर्वांत चमत्कारिक आहे.

संचकार हा संस्कृत ‘सत्यंकार’ शब्दाचा अपभ्रंश होय. अमरकोशाच्या वैश्यवर्गांत सत्यापन, सत्यंकार व सत्याकृति हे तीन पर्याय एकत्र दिले आहेत. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या चवथ्या पादांत ‘सत्य’ या शब्दाविषयीं एक स्वतंत्र सूत्र घातलें असून, वृत्तिकारांनीं त्याचें उदाहरण वाण्याच्या व्यवहारांतलें दिलें आहे. वाणी मालाचें ‘सत्य करतो’, म्हणजे हा माल मी खास घेणार असें पक्कें करतो. यावरून पैशाची ही रीत सूत्रकालाइतकी जुनी असल्याचें दिसतें. शब्दाचा मूळ अर्थही लक्षांत घेण्यासारखा आहे. पुढें केलेली रक्कम हा किंमतीचा तुकडा असण्याआधीं तें बोललेल्या शब्दाचें दृश्य रूप होतें. शब्द खरा करणें, एवढाच त्याचा हेतु.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत, सत्यंकार म्हणून दिलेलें द्रव्य दुप्पट परत करवावें, असा नियम आहे. त्यावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत जें विवरण केलें आहे तें आपल्या कामाचें आहे. खरेदी-विक्रीचा ठराव पाळला जावा म्हणून अंगठीसारखी वस्तु दुसऱ्याच्या हातीं दिली असतां, देणारानेंच ठराव मोडला तर त्याची ती वस्तु गेली. घेणारानें मोडला तर त्यानें ती दुपटीनें परत करावी, असा त्याचा अभिप्राय आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) राज्यांतला. तें कल्याण म्हणजे हल्लींचें बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. आपट्याजवळचें ठाणे जिल्ह्यांतील कल्याण नव्हे. नामसादृश्यानें संशोधकांनीं घोटाळा करूं नये.

अंगठीचा हा उल्लेख सहज वाचून पुढें जाण्यासारखा नाहीं. नाण्याऐवजीं अंगावरचा दागिना इसारादाखल देण्याची चाल यावरून दिसते. बचत सोन्यांत करावयाची आणि प्रसंगीं तेंच सोनें शब्दास तारण म्हणून उभें करावयाचें, या दोन गोष्टी आपल्या समाजांत किती जुन्या काळापासून जोडलेल्या आहेत याचा हा पुरावा आहे.

पश्चिमेकडील कायद्याशीं याची तुलना केली म्हणजे आश्चर्य वाटतें. ग्रीक लोक इसारास ‘अराबोन’ व रोमन लोक ‘अऱ्हा’ म्हणत. हा शब्द त्यांनीं सेमेटिक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांपासून उचलला. इ. स. ५३३ मधील जस्टिनियनच्या संहितेंत घेणारा मागें फिरला तर इसार बुडावा आणि विकणारा फिरला तर त्यानें दुप्पट द्यावी, असें सांगितलें आहे. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेंतही हाच नियम कायम राहिला. मिताक्षरेंतला नियम व हा नियम अक्षरशः एक आहे. मुसलमानी धर्मशास्त्रांत मात्र बहुतेक संप्रदायांनीं इसार बुडविण्याची अट अमान्य केली असून हंबली संप्रदायानें ती मान्य केली आहे. एकानें दुसऱ्याचें पाहून नियम केला असें म्हणण्यास आधार नाहीं. सारख्या गरजेंतून सारखा नियम निघाला, असेंच मानणें बरें.

आतां संचकार शब्दाच्या नशिबाकडे पाहूं. आज हा शब्द वर्तमानपत्रांत ‘स्वातंत्र्यावर संचकार’ अशा प्रयोगांत आढळतो व त्याचा अर्थ गदा, संकट असा समजला जातो. खरेदीच्या विश्वासाचा शब्द संकटाचा वाचक कसा झाला? आमचा तर्क असा कीं, ज्या वस्तूवर दुसऱ्याचा संचकार पडला ती वस्तु धन्याच्या हातून अर्धी गेल्यासारखीच होय. ती अजून घरांत असली तरी तिच्यावर दुसऱ्याचा शब्द बसला. तेव्हां जिवावर किंवा स्वातंत्र्यावर संचकार म्हणजे तें आधींच कोणीतरी बोलून ठेवलें आहे, असा भाव. घेणाराच्या दृष्टीनें जें सत्य करणें, तेंच विकणाराच्या दृष्टीनें गमावणें. आणि भाषेनें विकणाराची बाजू स्मरणांत ठेवली.

(३) शेजाऱ्यांसमोर विक्री

म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांना कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी मिळून १९०९ सालीं ती छापली गेल्यापासून घरविक्रीच्या प्राचीन रीतीवर चांगला प्रकाश पडला आहे. वास्तुविक्रयाच्या प्रकरणांत कौटिल्य सांगतो कीं, जमीन व घर घेण्याचा हक्क आधीं भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोचा, त्यांनंतर बाहेरच्यांचा. शेजारच्या चाळीस कुळांसमोर, घराच्या दाराशीं उभें राहून विक्री पुकारावी, आणि तीन वेळां पुकारून कोणी आड न आल्यास घेणारास ती मिळावी. चढाओढीनें किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह सरकारांत जमा व्हावी. क्रयविक्रयाच्या पश्चात्तापाबद्दलही त्यानें मुदती घातल्या आहेत : व्यापाऱ्यास एक रात्र, शेतकऱ्यास तीन, गवळ्यास पांच.

या रीतींत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे लेखापेक्षां शेजाऱ्यांच्या कानांवर भरंवसा जास्त होता. मराठेशाहींतील खरेदीखतें चाळलीं म्हणजे हाच भाव निराळ्या रूपानें दिसतो. खतांत चतुःसीमा लिहितात त्या शेजाऱ्यांच्या नांवांनीं : पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस अमक्याचा वाडा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस परसूं. साक्षीस बहुधा तेच शेजारी व गांवचे वतनदार असतात. म्हणजे शेजारी हाच जागेची सीमा व शेजारीच तिचा साक्षीदार.

घराचें माप चौरस हातांत न सांगतां खणांत सांगतात. दोन तुळयांमधील अंतर तो खण. इतक्या खणांचा सोपा, इतक्या खणांचें माजघर, पुढें ओटी, मागें पडवी, परसांत आड, असें वर्णन येतें. किंमतीपुढें नाणें नमूद करणें अवश्य असे, कारण चांदवडी, अंकुशी, सुरती अशा निरनिराळ्या रुपयांत बट्ट्याचा फरक पडे. इसार एका नाण्यानें व बाकी दुसऱ्यानें दिली, आणि खतांत नाणें लिहिलें नसलें, म्हणजे तंट्यास जागा राही. ‘आपले संतोषें’, ‘अक्कलहुशारीनें’ हे शब्द खतांत येतात ते शोभेकरितां नव्हत. विकणारानें पुढें जबरदस्तीची तक्रार करूं नये म्हणून ते घातलेले असत.

शहरांत हें काम सरकारच्या नजरेखालीं चाले. पुण्यास कोतवाल चावडीकडे पोलिसी कामाखेरीज रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे तंटे निवडणें, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणें व त्याबद्दलचें सरकारी येणें घेणें हींही कामें असत. घाशीराम कोतवालाचें (१७७७–१७९१) नांव लोकांच्या तोंडीं निराळ्याच कारणानें राहिलें. परंतु त्याच्या चावडीचे हिशेब घरांच्या किंमतींच्या इतिहासास उपयोगी पडतील, इकडे लक्ष जावें. आपट्यासारख्या गांवीं कोतवाल नव्हता. तेथें पाटील, कुळकर्णी, खोत व शेजारी यांच्यासमोर झालेलें बोलणें हीच नोंद.

खरेदीखतांत इसाराचा शोध कसा घ्यावा, याबद्दल संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. इसारचिठ्ठी स्वतंत्र मिळाली नाहीं तरी तिचा ठसा खतांत राहतो. किंमतीचा आंकडा लिहून झाल्यावर ‘पैकीं पूर्वीं पावले’ व ‘बाकी हल्लीं रोख पावले’ अशा अर्थाची फोड असेल, तर पहिला आंकडा हा इसार. त्याचें एकंदर किंमतीशीं प्रमाण काढावें व दोन तारखांमधील अंतर टिपावें. असे पांच-पन्नास कागद एकत्र आले तर एखाद्या टापूंत घर घेणारास किती रक्कम हातीं असावी लागे व बाकी जमविण्यास त्यास किती अवधि मिळे, याचा हिशेब प्रथमच मांडतां येईल.

(४) पुंजी जमविण्याचे मार्ग

ही पहिली रक्कम माणूस जमवी कशी? पहिला मार्ग दागिन्यांचा. दुसरा सावकाराकडे ठेव ठेवण्याचा, आणि तिसरा त्याच सावकाराकडून कर्ज काढण्याचा. व्याज दरमहा दरसदे, म्हणजे दरमहा शेंकडा, असें लिहीत. दरमहा शेंकडा एक म्हणजे सालिना बारा. शंभर रुपयांच्या इसारासाठीं असें कर्ज काढलें व आठ वर्षें चार महिने फेडलें नाहीं, तर व्याज मुद्दलाइतकें होई. तेथें दामदुपटीचा नियम आड येई. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक एकदम वसूल करतां येऊं नये, हा धर्मशास्त्रांतील नियम पुढें मुंबई इलाख्याच्या इंग्रजी न्यायालयांनींही हिंदु ऋणकोंस लागू ठेवला.

चवथा मार्ग भिशीचा. वीस माणसांनीं दरमहा पांच-पांच रुपये घालावे, आणि जमलेले शंभर रुपये चिठ्ठी टाकून एकास द्यावे. वीस महिन्यांत प्रत्येकास एकेकदां शंभर मिळतात. ज्याची चिठ्ठी आधीं निघाली त्यास बिनव्याजी कर्ज मिळालें, ज्याची शेवटीं निघाली त्याची सक्तीची बचत झाली. या साध्या युक्तीचें सामर्थ्य केवढें आहे, तें इंग्लंडच्या इतिहासावरून कळतें. १७७५ च्या सुमारास बर्मिंगहॅम येथील गोल्डन क्रॉस नांवाच्या खाणावळींत तिचा मालक रिचर्ड केटली यानें जी मंडळी स्थापिली, ती ज्ञात असलेली पहिली घरबांधणी मंडळी समजली जाते. त्या प्रकारच्या मंडळ्यांत सभासद ठराविक वर्गणी भरीत, आळीपाळीनें एकेकास घर होई, आणि सर्वांस घरें झालीं कीं मंडळी विसर्जित होई. आमच्या भिशीचाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तेथें त्या भिशीस पुढें कायद्याचें रूप मिळून मोठ्या पतसंस्था झाल्या. आमच्याकडे भिशी ओळखीच्या माणसांच्या भरंवशावरच राहिली, आणि चालक पळाला तर दाद कोठें मागावी हा प्रश्नही तसाच राहिला.

सरकारी बचतीची सोय आपल्याकडे आधीं मोठ्या शहरांत व पुढें सर्वत्र झाली. १ एप्रिल १८८२ पासून टपालकचेऱ्यांत बचतपेढ्या सुरू झाल्या. मुंबईच्या गिरणींत किंवा कचेरींत काम करणारा माणूस आपल्या गांवाजवळ रक्कम सुरक्षित ठेवूं शकेल, असें साधन प्रथमच निर्माण झालें. जुन्या दप्तरांत खरेदीखताशेजारीं टपालपेढीचें पुस्तक मिळालें तर तें रद्दी समजूं नये. खतांतील इसाराची तारीख व पुस्तकांतून पैसे काढल्याची तारीख जुळली, तर एका कुटुंबाच्या बचतीचा इतिहास अंकांनिशीं हातीं लागतो.

(५) इंग्रजी अंमलांतील पालट

कर्नाळा किल्ला १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें मोंगलांकडे गेला, १६७० सालीं पुन्हां मराठ्यांकडे आला व १८१८ सालीं कर्नल प्रोथर यानें तो घेतला. तेव्हांपासून हा मुलूख कंपनीच्या अंमलाखालीं आला. पनवेल तालुका १८८३ सालापर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, आणि १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचें नांव रायगड झालें. या तारखा संशोधकानें पाठ ठेवाव्या. आपट्याच्या १८१८ पूर्वींच्या कागदांसाठीं पेशवे दप्तरांतील कल्याण सुभ्याचे रुमाल, १८८३ पूर्वींच्या कागदांसाठीं ठाणें, व त्यापुढील कागदांसाठीं अलिबाग, असा तपासाचा क्रम आहे. केवळ अलिबागेस जाऊन ‘कागद नाहींत’ म्हणून परत येणें बरोबर नव्हे.

इंग्रजी कायद्यानें घरखरेदींत दोन मोठे फरक केले. पहिला नोंदणीचा. १८८२ चा मिळकतींच्या हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याप्रमाणें शंभर रुपये व त्यांवरील स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तऐवजानेंच होऊं लागली. शेजाऱ्यांच्या कानांची जागा दुय्यम निबंधकाच्या वहीनें घेतली. दुसरा फरक इसाराच्या स्वरूपाचा. त्याच कायद्यानें स्पष्ट केलें कीं, विक्रीचा करार हा स्वतः मिळकतींत कोणताही हक्क उत्पन्न करीत नाहीं. म्हणजे इसार देणारा घराचा धनी होत नाहीं. त्यास फक्त करार पुरा करून मागण्याचा हक्क राहतो. मात्र योग्य कारणानें त्यानें ताबा घेण्याचें नाकारल्यास दिलेल्या इसाराचा बोजा त्या मिळकतीवर राहतो, अशी तरतूदही तेथेंच आहे.

यापुढची हकीकत दप्तरांच्या दृष्टीनें फारच महत्त्वाची आहे. १९२६ सालीं प्रिव्ही कौन्सिलच्या एका निकालामुळें, ज्या करारपत्रांत इसार पावल्याचा उल्लेख आहे तें नोंदलें नाहीं तर पुराव्यांत घेतां येणार नाहीं, अशी अडचण उभी राहिली. गांवोगांवच्या हजारों इसारपावत्या निरुपयोगी ठरण्याचा प्रसंग आला. म्हणून १९२७ सालीं नोंदणीच्या कायद्यास स्पष्टीकरण जोडलें गेलें कीं, केवळ इसार पावल्याचा मजकूर आहे एवढ्यावरून विक्रीच्या करारास नोंदणी लागत नाहीं. गरीब खरेदीदाराची त्यामुळें सोय झाली. इतिहासाची मात्र गैरसोय झाली. खरेदीखताची नक्कल सरकारी वहींत कायम राहिली, पण इसारपावती घरच्या पेटीखेरीज दुसरीकडे कोठेंच राहिली नाहीं. पेटी गेली कीं ती गेली.

व्यवहार मोडल्यास इसार कोणाचा, या प्रश्नावर प्रिव्ही कौन्सिलनें १९२६ सालींच असें सांगितलें कीं, व्यवहार पुरा झाला तर इसार किंमतीचा भाग, व घेणाराच्या कसुरीनें फसला तर तो बुडाला. विकणारानें दुप्पट देण्याचा मिताक्षरेंतला नियम मात्र या कायद्यांत शिरला नाहीं. विकणारावर परतफेड, नुकसानभरपाई किंवा करार पुरा करणें एवढीच जबाबदारी राहिली. उत्तर हिंदुस्थानांत बयाण्याच्या लेखांत दुपटीची अट आजही घालतात, तो त्या जुन्या समतोलाचा अवशेष म्हणावा.

सहकाराची चळवळ याच काळांतली. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. इंग्लंडांत १९०१ सालीं ईलिंग येथें निघालेल्या भाडेकरूंच्या भागीदारी-संस्थेचा नमुना तेव्हां लोकांपुढें होता. एकट्यास जी रक्कम झेपत नाहीं ती भागांच्या रूपानें थोडथोडी भरावी व घर संस्थेच्या मालकीचें असावें, हें त्याचें तत्त्व. भिशींतला परस्परविश्वास येथें प्रथमच कायद्याच्या चौकटींत बसला. याच्या उलट टोंकास पागडी होती. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें तिला मनाई केली, तरी मुंबईंत ती चालूच राहिली. अखेर ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानें तिला मान्यता दिली. जिची पावती मिळत नाहीं अशी रक्कम भरून लक्षावधि माणसांनीं मुंबईंत पहिलें छप्पर मिळविलें. परंतु त्या रकमांचा इतिहास लिहिण्यास लेखी साधन जवळजवळ नाहीं.

(६) अलीकडील स्थिति

स्वातंत्र्यानंतर इसारावर कायद्याचें लक्ष वाढत गेलें. १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें दिल्लीच्या एका घरविक्रीचें प्रकरण आलें. ठरलेली किंमत १,१२,५०० रुपये. पैकीं १,००० इसारादाखल व २४,००० पुढें दिलेले. घेणारा चुकला तरी विकणारानें फक्त एक हजार ठेवावे, चोवीस हजार बुडवितां येणार नाहींत, असा निर्णय झाला. इसार कोणता व किंमतीचा हप्ता कोणता, हा भेद यामुळें पक्का झाला. त्याच सालच्या महाराष्ट्रांतील सदनिकाविषयक कायद्यानें, बांधकाम करणारानें लेखी व नोंदलेला करार केल्यावांचून कांहींही आगाऊ रक्कम घेऊं नये, व तीही किंमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक नसावी, असें ठरविलें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें कराराआधीं घेण्याच्या रकमेची मर्यादा दहा टक्क्यांवर आणली. ज्या इसारपावतीस १९२७ सालीं नोंदणींतून मोकळीक मिळाली होती, तिची जागा सदनिकांच्या व्यवहारांत नोंदलेल्या करारानें घेतली.

पुंजी जमविण्याची अडचण मात्र नाहींशी झाली नाहीं. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं एच. डी. एफ. सी. ही गृहकर्जसंस्था स्थापिल्यापासून दीर्घ मुदतीचें गृहकर्ज मध्यमवर्गाच्या आटोक्यांत येऊं लागलें. तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें तीस लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या किंमतीच्या नव्वद टक्के, पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के व त्यावर पंचाहत्तर टक्के हीच कमाल मर्यादा आहे. बाकीचें, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च, घेणारानें आपल्या गांठीचेच घालावयाचे. ही गांठ कोठें सुरक्षित ठेवावी, हा प्रश्न पनवेलकरांस नवा नाहीं. तेथील एका नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें २०२१ च्या ऑगस्टमध्यें रद्द केला, तेव्हां पांच लाखांच्या विम्याच्या मर्यादेपलीकडे ज्यांची ठेव होती त्यांची स्थिति, सावकार बुडाल्यावर जुन्या ठेवीदाराची जी होई, तिच्याहून फारशी निराळी नव्हती.

गांवठाणांतील घरांची अडचण याहून वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत राहिलों त्याचा कागदच नाहीं, म्हणून तें तारण ठेवून कर्ज मिळत नाहीं, असे प्रसंग सर्वत्र होते. २०१८ सालीं पुणें जिल्ह्यांतील सोनोरी येथें ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणाची मोजणी प्रथम झाली, व २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना देशभर जाहीर होऊन मिळकतपत्रिका देण्याचें काम सुरू झालें. मिळकतपत्रिका हातीं आली म्हणजे जुने कागद निरर्थक झाले, असा समज होणें साहजिक आहे. आमच्या विषयास खरा धोका येथेंच आहे.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, इसार हा मूळचा शब्दाचा साक्षीदार. किंमतीचा अंश तो मागाहून झाला. दोन, त्याचा जुना नियम दोन्ही पक्षांस सारखा बांधणारा होता. अर्वाचीन कायद्यांत हें दुपटीचें वजन विकणाराच्या बाजूनें सुटलें व त्याची भरपाई टक्केवारीच्या मर्यादेनें आणि नोंदणीनें करावी लागली. तीन, शेजारी, चावडी, दुय्यम निबंधक व स्थावर संपदा प्राधिकरण अशा क्रमानें साक्षीदार बदलत गेले. पण पहिली रक्कम पुढें करणाऱ्या माणसाचा धोका तोच राहिला.

आपटा, रसायनी, कर्नाळा व पनवेल या टापूंत आज जुनीं घरें पाडलीं जात आहेत. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्‌घाटन झालें. जागांच्या किंमतीबरोबर घरें पाडण्याचा वेगही वाढणार. घर पाडतांना तुळया व कौलें विकलीं जातात. माळ्यावरची पेटी मात्र कोणी उघडीत नाहीं. संग्राहकांस विनंती अशी कीं, वतनपत्र किंवा इनामपत्र नसलें तरी अशा पेटींतील कोणताही व्यवहाराचा कागद टाकून देऊं नये. इसारचिठ्ठी, भिशीची यादी, टपालपेढीचें पुस्तक, सोनाराची दागिने गहाण ठेवल्याची चिठ्ठी, यांपैकीं कांहींही मिळाल्यास मूळ क्रम न मोडतां बांधून ठेवावें. कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं व कोणत्या कागदांच्या सोबत मिळाला तें टिपून ठेवावें, आणि धन्याच्या संमतीनें त्याची नक्कल वा छायाचित्र आपल्या जवळच्या संशोधन-संस्थेकडे द्यावें. हयात कुटुंबांचीं नांवें व देणींघेणीं उघड होणार नाहींत, ही काळजी अर्थातच घ्यावी. राजांच्या खजिन्यांचा हिशेब बराच लागला आहे. सामान्य माणसानें आपल्या पहिल्या घरासाठीं गांठीला बांधलेल्या रुपयांचा हिशेब अद्याप लागावयाचा आहे, व त्याचीं साधनें या पेट्यांतच आहेत.